पाव किलोचा नंबर

ऐन फुलोऱ्यात वारा सुटला आणि अठरा दिवस थांबायचं नाव घेईना. बागांमधली फुलं पुरती उमलायच्या आधीच जमिनीवर आली. माश्या पेटीच्या दारापर्यंत यायच्या, डोकं बाहेर काढायच्या आणि परत आत जायच्या. चाळीस पेट्या माळावर ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीच्या झाकणावर एक दगड, आणि त्या ओळींमधून धाकटी दिवसभर येरझारा घालत होती. करण्यासारखं काही नव्हतं, पण घरात तिला बसवत नव्हतं.

खरं तर घरात ती एकटीच सून उरली होती. थोरली जाऊ नवऱ्याबरोबर शहरात गेली त्याला नऊ वर्षं झाली, तरी हिला सगळे धाकटीच म्हणत. नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

वारा सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सासऱ्यांना म्हणाली होती, "आबा, पेट्या खाणीच्या भिंतीआड नेऊ या का? तिथं वारा लागत नाही."

आबांनी वरही पाहिलं नाही. "तीस वर्षं पेट्या मीच मांडतोय," ते म्हणाले.

झालं. पुढे बोलायची सोयच उरली नाही. सहाव्या दिवशी तीन पेट्या उलथल्या, आतली पोळी मोडली, मध मातीत गेला आणि एका पेटीतली राणीमाशी चेंगरून मेली. आबांनी तिन्ही पेट्या सरळ केल्या, मोडकी पोळी वेचली, हात धुतले आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. धाकटीनेही काढला नाही. पण ती गोष्ट तिच्या मनात सलत राहिली, आणि सलतेय हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

दरवर्षी चाळीस-बेचाळीस डबे मध निघायचा. या वर्षी अकरा निघाला. घाऊक व्यापारी दरसाल गाडी घेऊन दारात यायचा, तो फोनवरच म्हणाला, "अकरा डब्यांसाठी गाडी फिरवू? बरे आहात ना?" आणि त्याने फोन ठेवला. तेवढ्यात बागांचा ठेकेदार येऊन गेला. त्याला फुलोऱ्यात बागांमध्ये ठेवायला पेट्या हव्याच होत्या. माश्यांसकट चाळीसही पेट्या उचलतो म्हणाला.

नवऱ्याच्या मनात ते भरलं होतं. शीतगृहाच्या गोदामात त्याला नोकरी देतो असं कुणी तरी म्हणालं होतं. "पगार म्हणजे पगार," तो जेवताना म्हणाला. "वारा सुटला म्हणून पगार कमी होत नाही."

आबा बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "या वर्षीचा मध आपल्या हाताने विकून दाखवा. विकला तर पेट्या राहतील. नाही तर ठेकेदार आहेच."

दाखवा म्हणजे कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही. नवरा ताटाकडे बघत राहिला. धाकटीला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पेट्या गेल्या की आबांना ओटा उरेल, नवऱ्याला गोदाम मिळेल, आणि तिच्या वाट्याला फक्त चूल येईल. ती या घरात आली तेव्हा माशीला घाबरायची. आता ती उघड्या हातांनी चौकट उचलायची आणि नुसत्या गुणगुणण्यावरून सांगायची की पेटीत राणी आहे की नाही. घरात तिला येणारी आणि तिची स्वतःची म्हणावी अशी ही एकच गोष्ट होती. ती ठेकेदाराच्या गाडीत चढवायची तिची तयारी नव्हती.

म्हणून बाटल्या भरायचं तिनेच काढलं. अर्धा किलोची एक, पाव किलोची एक. नमुन्याच्या दोन बाटल्या पिशवीत घालून नवरा-बायको शहरातल्या मोठ्या दुकानात गेली. चकचकीत फरशी, सरकती दारं, फळ्याच फळ्या. माल खरेदी करणाऱ्या साहेबांनी चमचाभर मध तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यांनी बाटली हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवली.

"बारकोड कुठाय?"

"मध चांगला आहे ना साहेब?" धाकटीने विचारलं.

"चांगला आहे. पण ते गल्ल्यावरच्या मशीनला कसं कळणार?"

"किंमत आम्ही मोठ्या अक्षरात लिहून देऊ," नवरा म्हणाला.

साहेब हसले. वाईट नव्हते हसले, पण शेजारी खोकी रचणारा माणूसही हसला आणि नवऱ्याचे कान लाल झाले. "त्या काळ्या रेघा आणि खालचा नंबर असल्याशिवाय माल आत येत नाही," साहेब म्हणाले. "बारकोड घेऊन या, एक फळी देतो. महिनाभर बघू."

शहरातल्या छापखान्याच्या मालकाला सगळे शाईवालाच म्हणत. त्याची बोटं कधी स्वच्छ असलेली कुणी पाहिली नव्हती. लेबलांचं काम त्याच्याकडेच होतं. बारकोडचं नाव काढताच त्याने खालचा खण ओढला.

"नंबर ना? माझ्याकडे पडून आहेत. एक कंपनी बंद पडली, तिचे राहिलेत. भाजीच्या भावात देतो."

"मशीन वाचेल का पण?" नवऱ्याने विचारलं.

"वाचेल म्हणजे? टुक करून वाचेल."

नवरा खूश झाला. नमुन्याचा एक कागद घेऊन दोघं घरी आली. आबांनी चष्मा चढवला आणि कागद उलटा, सुलटा, पुन्हा उलटा करून पाहिला.

"ही कंपनी काय करायची?"

"बूट पॉलिश," नवरा जरा हळूच म्हणाला.

आबांनी कागद खाली ठेवला. त्यांच्या प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर होता आणि त्या नंबराची नोंद वहीत होती: राणी कधीची, मध किती, आजार कुठला. वहीला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "मेलेल्या पेटीचा नंबर मी नव्या पेटीला कधी दिला नाही," ते म्हणाले. "दिला की घोळ होतो. मग कुठली माशी केव्हाची, कुणाला कळत नाही. आणि दुसऱ्याच्या पेटीचा नंबर तर नाहीच नाही."

"आबा, ही पेटी नाही, बाटली आहे."

"नंबर तो नंबर."

नवरा चिडला, पण धाकटीला ते पटलं. दोन दिवसांनी ती शहरात गेली तेव्हा तिने तो नमुन्याचा कागद दुकानातल्या गल्ल्यावरच्या मुलीपुढे धरला आणि जरा बघून द्या म्हणाली. मशीन खरंच टुक करून वाजलं. पडद्यावर अक्षरं उमटली: काळं बूट पॉलिश, मोठी डबी. ती मुलगी तोंडावर हात धरून इतकी हसली की मागचं गिऱ्हाईकही हसायला लागलं. धाकटीने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आबा हसले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली.

तेव्हा स्वतःचे नंबर घ्यायचं ठरलं. ते देणारी एक संस्था होती. वर्षाची फी भरायची, दहा नंबरांचा संच मिळायचा आणि ते नंबर जगात दुसऱ्या कुणाचे नसायचे. मध काढायच्या यंत्राचा दांडा बदलायला ठेवलेले पैसे तिकडे वळले. अर्ज संगणकावर भरायचा होता. धाकटी अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात जाऊन रांगेत बसली. केंद्रवाला पडद्यावरून नजर न काढता विचारत होता आणि टाइप करत होता.

"माल?"

"मध."

"वजन?"

"अर्धा किलो. आणि पाव किलोचीपण बाटली आहे."

"मग ते दोन माल झाले. पावला वेगळा नंबर लावा," तो टाइप करता करता म्हणाला. "दहा मिळणार आहेत, कंजुषी कशाला?"

तिने नीट ऐकलं. बाहेर ट्रक भोंगा वाजवत होता, मागचा माणूस आपला नंबर कधी लागेल म्हणून कुरकुरत होता, तरी तिने अगदी नीट ऐकलं. तिने पुढे ते कधी नाकारलं नाही.

आठव्या दिवशी कागद हातात आला. दहा ओळी, एकेका ओळीत तेरा आकडे. आबांनी ओट्यावर चटई टाकली, कागद पसरला, उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर मेणाचे गोळे ठेवले आणि दहाही ओळी मोठ्याने वाचल्या. त्या वाऱ्यानंतर इतके खुललेले ते कुणी पाहिले नव्हते. पहिल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हा या वर्षीच्या मधाचा. पुढचे नऊ पुढच्या नऊ वर्षांचे. एकेका वर्षाला एकेक."

"अर्धा किलोला आणि पाव किलोला एकच?" नवऱ्याने विचारलं.

"मध एकच, मग नंबर दोन कशाला? बारा नंबरच्या पेटीचा मध वाटीत काढला काय आणि डब्यात काढला काय, वहीत बाराच लिहितो ना आपण?"

नवऱ्याने मान डोलावली. त्याला हे सगळं लवकर आटपायला हवं होतं. धाकटी दारात तांब्या घेऊन उभी होती. "आबा," ती म्हणाली.

"काय?"

तीस वर्षं पेट्या मीच मांडतोय. ते वाक्य तिला त्याच आवाजात पुन्हा ऐकू आलं.

"काही नाही. पाणी ठेवलंय."

ती आत गेली आणि चुलीशी उगाचच लाकडं सारत बसली. केंद्रवाल्याला तरी काय कळतंय, तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण ते तिला खरं वाटत नव्हतं. नवरा पहिल्या ओळीचा नंबर लिहून घेऊन शाईवाल्याकडे निघून गेला. गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत ती ऐकत होती, आणि थांबवायला उठली नाही.

पुढचे सहा दिवस घर मधाने चिकट झालं होतं. डबे गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवायचे, मध पातळ झाला की फडक्यातून गाळायचा, बाटल्या भरायच्या, तोंडं पुसायची, झाकणं आवळायची. आबा वजन करायचे, नवरा झाकणं आवळायचा, धाकटी लेबलं लावायची. लेबल वाकडं बसलं तर मशीन वाचत नाही असं शाईवाल्याने बजावलं होतं, म्हणून ती एकेक लेबल अंगठ्याने मधून कडेला दाबत न्यायची. तिसऱ्या दिवशी अंगठ्याची कातडी फाटली. चिंधी बांधून तिने काम चालू ठेवलं. मोठ्या बाटलीवर त्या रेघा, लहान बाटलीवर त्याच रेघा. लहान बाटली हातात आली की तिचा हात जरा अडायचा.

"थकलीस का?" आबांनी एकदा विचारलं.

"नाही."

"फार निगुतीने लावतेस," ते म्हणाले. आबांच्या तोंडून कौतुक म्हणजे नवलच. तिला ते गिळता आलं नाही. ती उठून परसात गेली आणि रिकामं घमेलं पुन्हा घासत बसली.

पहिल्या खेपेला मोठ्या साठ आणि लहान साठ बाटल्या दुकानात गेल्या. साहेबांनी डोळ्यांच्या उंचीची फळी दिली. चौथ्या दिवशी फोन आला. साहेब एवढंच म्हणाले, "ताबडतोब या."

आबाही निघाले. धुतलेला सदरा घातला, दाढी केली. त्यांना वाटलं माल संपला असेल. रस्ताभर ते पुढच्या खेपेला किती बाटल्या न्यायच्या त्याचा हिशेब मांडत होते, आणि धाकटी खिडकीबाहेर बघत होती.

साहेबांनी त्यांना खोलीत नेलंच नाही. ऐन गर्दीत गल्ल्याशी उभं केलं. तिथे एक बाई हातात पावती धरून उभी होती आणि तिच्यामागे रांग होती. गल्ल्यावर तीच हसरी मुलगी होती, पण आज ती हसत नव्हती. तिने मोठी बाटली मशीनपुढे धरली. टुक. मध, अर्धा किलो, आणि किंमत. मग लहान बाटली धरली. टुक. मध, अर्धा किलो, आणि तीच किंमत.

"सतरा जणांना लहान बाटली मोठीच्या किमतीत गेली," साहेब म्हणाले. "सतरा. काल दोघं येऊन भांडून गेले, आज या."

"फळीवर एक किंमत आणि इथं दुप्पट," ती बाई म्हणाली. "लोकांना लुटायला बसलाय का?"

"मध एकच आहे बाई," आबा समजावून सांगावं तसं म्हणाले. "दोन्हींत एकच मध आहे."

रांगेतलं कुणी तरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं हसले. आबांना कळेना की काय चुकलं. ते एकदा पडद्याकडे बघत होते, एकदा बाटलीकडे.

"नंबर कुणी ठरवला?" साहेबांनी विचारलं.

नवरा फरशीकडे बघत होता. धाकटी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मी," आबा म्हणाले.

साहेब आबांशी बोललेच नाहीत. त्यांच्या डोक्यावरून नवऱ्याला म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांवर कशाला सोपवता असली कामं? लहान बाटल्या सगळ्या आत्ताच्या आत्ता उचला. सोमवारपर्यंत नव्या नंबराची लेबलं लावून आणल्या तर ठीक. नाही तर फळी दुसऱ्याची."

आबा वाकून लहान बाटल्या खोक्यात भरायला लागले. नवरा पुढे झाला तर त्याला त्यांनी हातानेच बाजूला सारलं. अकरावी की बारावी बाटली निसटली आणि फरशीवर फुटली. त्या चकचकीत फरशीवर मध संथपणे पसरत गेला. लोक पाय उचलून बाजूला झाले. आबांनी खिशातला रुमाल काढला आणि गुडघे टेकून पुसायला लागले, पण पुसावं तसा तो जास्तच पसरत होता. शेवटी झाडूवाला आला आणि म्हणाला, "सोडा बाबा, काचा लागतील." तरी ते थोडा वेळ पुसतच राहिले.

धाकटीने हे सगळं उभ्याने पाहिलं. आबा चुकलेले तिला बघायचे होते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे ओटा होता, घरातलीच माणसं होती. ही फरशी नव्हती. तिला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

घरी आल्यावर आबांनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि मुलाला म्हणाले, "ठेकेदाराला फोन लाव."

"आबा, सोमवारपर्यंत वेळ आहे," धाकटी म्हणाली. "नंबर नऊ शिल्लक आहेत."

"ज्याला दोन बाटल्यांना नंबर देता येत नाही, त्याने चाळीस पेट्या ठेवू नयेत."

ते चिडून बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते अगदी साध्या आवाजात बोलले. नवऱ्याने फोन लावला. शनिवारी पहाटे गाडी येणार असं ठरलं, कारण उजाडायच्या आत माश्या पेटीतच असतात.

दोन दिवस आबा माळाकडे फिरकले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. धाकटी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेली आणि दोनदा परत फिरली. एकदा तर आत गेलीही, आणि "चादर धुवायला हवी" म्हणत अंगाखालची चादर ओढून घेऊन बाहेर आली. चादर स्वच्छ होती. तिने ती तरीही धुतली.

शनिवारी गाडी माळाच्या कडेला लागली तेव्हा आभाळ नुकतं फिकट होत होतं. पेट्यांची दारं चिंध्यांच्या बोळ्यांनी बंद करायची होती. ते काम आबांनी स्वतःकडे घेतलं. परक्याने दार बंद केलं तर माश्या बिथरतात, असं म्हणाले. ते एकेका पेटीपाशी वाकायचे, धाकटी बोळा द्यायची, ते बोटाने तो आत दाबायचे. मागून हमाल आणि नवरा दोर घेऊन येत होते. बंद झालेल्या पेटीतून गुणगुण वाढायची. एक, दोन, तीन, चार. अकराव्या पेटीला आबांनी हात मागे केला, पण तिने बोळा दिला नाही.

"आबा, मला माहीत होतं."

"काय?"

"दोन नंबर लागतात ते. केंद्रवाल्याने अर्ज भरतानाच सांगितलं होतं."

आबा वाकलेलेच होते. "मग?"

"मी बोलले नाही."

"विसरलीस."

त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. तिला सुटायला त्यांनी वाट करून दिली होती. नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं.

"विसरले नाही," ती म्हणाली. "पेट्या खाणीआड नेऊ या म्हटलं तेव्हा तुम्ही ऐकलं नाही. तीन पेट्या गेल्या, तरी काही बोलला नाहीत. तुम्ही एकदा तरी चुकलेले मला बघायचे होते. म्हणून गप्प बसले. पण तिथं, त्या लोकांत, तसं नको होतं मला."

आबा हळूहळू सरळ झाले. कमरेवर हात ठेवून ते पेट्यांच्या ओळीकडे बघत राहिले. गाडीपाशी ठेकेदार घड्याळ बघत होता. "आबा, ऊन यायच्या आत उरकायला हवं," तो ओरडला.

आबा ओळीच्या टोकाला गेले, पहिल्या पेटीपाशी वाकले आणि बोळा काढला. दोन-चार माश्या भसकन बाहेर आल्या. मग दुसऱ्या पेटीचा काढला, तिसऱ्या पेटीचा काढला.

"अहो, हे काय?" ठेकेदार धावत आला. "शब्द दिलाय तुम्ही."

"दिला होता. गाडीभाडं घेऊन जा."

"आबा, माणूस एवढ्या लांबून आलाय," नवरा म्हणाला.

"चहा कर त्याला."

नवऱ्याने दोर खाली टाकला आणि तो धाकटीकडे वळला. "हे तुला आधी बोलता येत नव्हतं?" तिने खाली पडलेला दोर उचलून गुंडाळला. तो पाय आपटत घराकडे गेला. दहाही पेट्या मोकळ्या झाल्यावर आबा तिच्यापाशी आले. त्यांच्या मनगटाला एक माशी डसली होती आणि ते नांगी नखाने खरवडून काढत होते.

"यापुढे नंबर तू द्यायचे," ते म्हणाले. "पाव किलोला कुठला, ते तू ठरव. आणि एक ऐकून ठेव. तुझं चुकतंय असं मला दिसलं, तरी मी तोंड उघडणार नाही. मग कळेल तुला कसं असतं."

"हो," ती म्हणाली.

त्याच सकाळी, गाडी गेल्यावर, तिने नंबरांचा कागद काढला. दुसरी ओळ घ्यावी की शेवटची, यातच तिचा अर्धा तास गेला. सगळ्या सारख्याच होत्या, तरी तिला भीती वाटत होती. अखेर दुसरी ओळ धरली आणि ती वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून घेतली, कारण मूळ कागद आबा घराबाहेर जाऊ देत नसत. आबा सदरा घालून तयार होते. फुटलेल्या बाटलीबद्दल साहेबांना भेटायचं आहे म्हणाले. नवरा आला नाही.

शहरात उतरल्यावर ती पुढे आणि आबा दोन पावलं मागे असे चालत होते. ते एक अक्षर बोलत नव्हते. तिला ती शांतता पाठीला टोचत होती. अखेर छापखान्याच्या दारात तिने चिठ्ठी पुढे केली. "आबा, एकदा बघता का?"

त्यांनी चष्मा लावला. आकड्यांवरून बोट फिरवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चिठ्ठीची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला काही कळलं नाही.

शाईवाल्याने चिठ्ठी समोर टेकवली आणि आकडे टाइप केले. "किती?"

"तीनशे."

"एकदा छापलं की परत घेणार नाही. आधीच सांगतो."

तिने दाराकडे पाहिलं. आबा रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. त्यांनी मांडी बदलली, खाकरले, पुन्हा मांडी बदलली.

"छापा," ती म्हणाली.

शाईवाल्याने यंत्राचं बटण दाबलं. यंत्र घुरघुरायला लागलं. तेवढ्यात दारात सावली पडली.

"थांबव," आबा म्हणाले. "मध्ये दोन शून्यं आहेत. तू एकच लिहिलंयस."

शाईवाल्याने बटण बंद केलं. धाकटीने चिठ्ठीवरचे आकडे बोटाने मोजले. बारा होते. पुन्हा मोजले. बाराच होते. तिला मान वर करता येईना. तिने ते सगळे दिवस तोंड मिटून ठेवलं होतं, रोज त्यांच्यासमोर बसून, शेकडो लेबलं लावत. आबांना तेवढं यंत्र तापेपर्यंतही जमलं नव्हतं.

"मग छापू की नको?" शाईवाल्याने आबांना विचारलं.

"ती सांगेल," आबा म्हणाले आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले.

धाकटीने टेबलावरचं पेन घेतलं. ते नीट चालत नव्हतं, म्हणून दुसरं शून्य तिने दोनदा गिरवलं. डोळ्यांपुढे आकडे पुसट झाले होते. पदराने डोळे कोरडे करून तिने तेराही आकडे एकेक करून मोठ्याने वाचले, बाहेर ऐकू जातील असे.

बाहेरून काही आवाज आला नाही. मग आबा म्हणाले, "हां."

"आता छापा," ती म्हणाली.